‘साठा’ आणि ‘शिल्लक’ : तेलबियांच्या वार्षिक ताळेबंदाची परिभाषा

देशातील तेलबियांचा वर्षाचा ताळेबंद ज्या कोष्टकात मांडला जातो त्याचे स्वरूप सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. आरंभीचा साठा, उत्पादन व आयात यांची बेरीज एका बाजूस. गाळप, बियाणे, खाद्य, नासाडी व निर्यात दुसऱ्या बाजूस. आणि दोहोंतील अंतर म्हणजे अखेरचा साठा. हाच अखेरचा साठा पुढील वर्षाच्या कोष्टकात आरंभीचा साठा म्हणून पहिल्या ओळीत जाऊन बसतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतासंबंधी प्रसिद्ध केलेली कोष्टके, येथील तेलउद्योगाच्या संघटनांची पत्रके आणि त्यांवरून मराठी वृत्तपत्रांत उतरणारी बाजारवृत्ते ही सारी या एकाच साच्यातील होत. त्यांतील आकड्यांची छाननी अर्थशास्त्राचे अभ्यासक करतात. शब्दांची छाननी हे मात्र भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि ते केवळ शुद्धाशुद्धतेचे काम नव्हे. या कोष्टकातील ‘साठा’ हा शब्द कोणत्या वस्तूचा निर्देश करतो, असा प्रश्न विचारताच कोष्टकाचा पायाच डळमळू लागतो. हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून प्रस्तुत लेखात तो माळशिरस तालुक्यातील नातेपुते या गावाच्या परिसरात नेऊन पाहिला आहे. एका अंगाला नीरा उजव्या कालव्याचे पाणी आणि दुसऱ्या अंगाला शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे चढत गेलेली कोरडवाहू जमीन, अशा सीमेवर हे गाव वसलेले असल्यामुळे तेलबियांची जुनी भाषा व तिला बाजूस सारणारी नवी भाषा ही दोन्ही तेथे एकाच शिवारात भेटतात.

आधी कोष्टक. सोयाबीनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. इंदूर येथील सोयाबीन प्रोसेसर्स असोसिएशन ऑफ इंडिया या उद्योगसंघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१-२२ च्या हंगामाच्या आरंभी, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये, देशातील सोयाबीनचा साठा दोन लाख टनांच्याही आत होता. पुढील ऑक्टोबरात तोच सुमारे २५ लाख टन झाला. एका वर्षात बारापटीहून अधिक वाढ! ही वाढ कशामुळे झाली याचे कारण सर्वश्रुत आहे. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरसारख्या बाजारपेठांत सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला होता. त्या हंगामाचा हमीभाव होता ३,९५० रुपये. नवा माल निघेपर्यंत भाव खाली आले. ऑगस्टमध्येच केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली होती, तिचाही त्यात वाटा होता. वर गेलेला भाव ज्यांनी डोळ्यांनी पाहिला होता त्यांनी माल घरात ठेवला. तो पुन्हा येईल या आशेवर पुढचा हंगामही गेला.

येथवर कथा सरळ आहे. परंतु ते २५ लाख टन कोणी मोजले? देशातील घराघरांतून, आडतींतून व गोदामांतून फिरून कोणीही ते मोजलेले नव्हते. उत्पादनाच्या अंदाजातून गाळपाचा अंदाज, बियाण्याचा अंदाज व निर्यातीचा आकडा वजा केल्यावर जे उरले तेच ते. आता उत्पादनाचा अंदाज पाहावा. २०२१-२२ चे सोयाबीनचे उत्पादन केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या मते सुमारे १३० लाख टन, तर उपरोक्त संघटनेच्या मते सुमारे ११९ लाख टन होते. दोन अंदाजांतील हे ११ लाख टनांचे अंतर वर्षारंभीच्या एकूण साठ्याच्या पाचपटीहून मोठे आहे. बाकीचे सर्व रकाने तसेच ठेवून केवळ मंत्रालयाचा आकडा घातला तर अखेरचा साठा २५ ऐवजी ३६ लाख टन होतो. कणगीतला एक दाणाही इकडचा तिकडे होत नाही, आणि देशाचा साठा ११ लाख टनांनी वाढतो. ज्या रकान्यात अन्य सर्व रकान्यांच्या चुका येऊन साचतात त्यालाच ‘साठा’ म्हणावे, हा योगायोग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे. कारण साचणे आणि साठणे ही क्रियापदे अर्थाने एकमेकांच्या शेजारीच राहतात.

मराठीत ‘साठा’ हे नाम ‘करणे’ या सकर्मक क्रियापदाबरोबर येते. साठा कोणी तरी करतो. करणारा असल्याखेरीज साठा होत नाही, आणि म्हणून ‘कुणाचा साठा?’ हा षष्ठीचा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे. ‘शिल्लक’ या नामाचा संसार निराळा. शिल्लक राहते, उरते, पडते. ‘शिल्लक टाकणे’ असा प्रयोग आहे, पण तो घरखर्चातून जाणूनबुजून वाचविलेल्या पैशापुरता. धान्याविषयी बोलताना शिल्लक ही कोणाच्या कर्तृत्वाची गोष्ट नसते, ती खर्चानंतरची अवस्था असते. कोष्टकातील शेवटचा आकडा हा या दृष्टीने निखळ शिल्लक होय. पण बाजारवृत्तांत रूढ झालेली संज्ञा आहे ‘शिल्लक साठा’. कर्ता नसलेले व कर्ता असलेले अशी दोन नामे एकमेकांस बांधून केलेला हा जोडशब्द प्रसंगाप्रमाणे कोणत्याही बाजूस कलतो. सुगीच्या दिवसांत ‘शिल्लक साठा मोठा आहे’ या वाक्यात भार ‘शिल्लक’वर असतो: मालाची वाण नाही, भाव उतरणे स्वाभाविक आहे. तोच आकडा टंचाईच्या दिवसांत आला की भार ‘साठा’वर सरकतो, कर्ता प्रकट होतो, आणि ‘साठा’ला ‘-बाजी’ हा प्रत्यय लागण्यास वेळ लागत नाही. ‘-बाजी’ने सिद्ध होणारे मराठीतील बहुतेक शब्द निंदाव्यंजक आहेत हे वेगळे सांगावयास नको. वजाबाकीतून निघालेल्या संख्येवर अशा रीतीने हेतूचा आरोप होतो.

हा आरोप कायद्याच्या भाषेतही पोहोचला. अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ मध्ये २०२० साली जी दुरुस्ती झाली तिने तेलबिया व खाद्यतेले यांना असाधारण परिस्थिती वगळता साठामर्यादेतून मोकळे केले होते. ती दुरुस्ती अन्य दोन कृषिकायद्यांबरोबर २०२१ च्या अखेरीस रद्द झाली. तत्पूर्वीच ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने मर्यादा पुन्हा लागू केल्या होत्या. फेब्रुवारी २०२२ च्या आदेशाने खाद्य तेलबियांसाठी किरकोळ विक्रेत्यास १०० क्विंटल व घाऊक व्यापाऱ्यास २,००० क्विंटल अशी मर्यादा घातली. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह काही शेतमालांचे वायदेव्यवहारही थांबविण्यात आले. शेतकरी स्वतः या मर्यादेच्या कक्षेत नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याला २,००० क्विंटलांहून अधिक माल ठेवता येत नाही तो व्यापारी आज खरेदी करीत नाही किंवा कमी भावाने करतो, आणि तो माल शेतकऱ्याच्याच घरात राहतो. पुढील ताळेबंदात तो पुन्हा ‘शिल्लक साठा’ म्हणून वर येतो व भाव उतरण्याचे कारण म्हणून दाखविला जातो. मर्यादेमुळे अडलेला माल मर्यादेचे समर्थन करू लागतो, अशी ही गत आहे.

ग्रामीण व्यवहारात या साऱ्याला ‘साठा’ असे म्हणत नाहीत. नातेपुते परिसरातल्या, किंबहुना एकंदर सोलापूर जिल्ह्यातल्या बोलीत शेतकरी माल ‘ठेवतो’, व्यापारी तो ‘भरतो’ आणि सरकार ‘साठवते’. तीन क्रियापदे, तीन कर्ते. ‘ठेवणे’ यात पुढे कधी तरी काढावयाचे आहे असा भाव आहे. मुलीचे लग्न, उसाची लागण, सोसायटीचा भरणा असे त्यामागचे प्रयोजन बहुधा ठरलेले असते. ‘भरणे’ यात भांडवल आहे. ‘साठवणे’ यात इमारत आहे. ताळेबंदाने हे तिन्ही एका नामात कोंबले. एका संकल्पनेस एकच संज्ञा असावी हे परिभाषेचे तत्त्व चांगले आहे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कार्यापासून मराठी प्रशासनात ते रुजले आणि त्याचे लाभही झाले. परंतु एका संज्ञेखाली तीन संकल्पना राहू देणे हे त्या तत्त्वाचे पालन नसून त्याचा भंग आहे.

‘तेलबिया’ ही संज्ञाही तितकीशी निरुपद्रवी नाही. तिच्या आधी मराठीत ‘गळिताची धान्ये’ हा प्रयोग प्रचलित होता व जुन्या शेतकीविषयक लिखाणात तोच आढळतो. ‘गळीत’ हा शब्द ‘गळणे-गाळणे’ या धातूंशी निगडित. ज्यातून रस वा तेल गळते ते. करडई, भुईमूग, तीळ, जवस, कारळे ही सारी धान्येच, फक्त गळिताची. घरात आलेल्या धान्याचा एक प्रकार म्हणून ती ओळखली जात. ‘बी’ हा शब्द मात्र शेतकऱ्याच्या तोंडी मुख्यतः पेरणीसाठी राखलेल्या दाण्याला लागतो. ‘बी ठेवलंय’ याचा अर्थ तेल काढण्यासाठी ठेवले असा कोणीही घेणार नाही. त्यामुळे ‘तेलबियांचा साठा’ हे शब्द जुन्या कानाला पेरणीच्या बेगमीसारखे ऐकू येण्याचा संभव आहे. असो; हा शब्द आता इतका रूढ झाला आहे की त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही.

परंतु ‘गळीत’ या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. नातेपुत्याच्या परिसरात आज ‘गळीत’ म्हटले की कोणाच्याही मनात करडई येत नाही. येतो तो ऊस. ‘गळीत हंगाम’ हा साखर कारखान्याचा शब्द आहे. १९३० च्या दशकात नीरा उजव्या कालव्याचे पाणी तालुक्यात खेळू लागले. त्याच दशकात माळीनगरचा कारखाना उभा राहिला. पुढे अकलूज व सदाशिवनगर येथे सहकारी कारखाने निघाले. गुऱ्हाळाच्या काळातही ऊस ‘गाळला’ जात असे, तेव्हा क्रियापद तेलाने साखरेला उसने दिले असे म्हणता येणार नाही. पण ‘गळीत’ हे नाम, जे एका पीकवर्गाचे नाव होते, ते एका कारखान्याच्या ऋतूचे नाव झाले हे निश्चित. ‘उतारा’ या शब्दाचीही तीच कहाणी. घाण्यावर शंभर शेर दाण्याला किती तेल निघाले तो करडईचा उतारा. आज वृत्तपत्रांत छापला जातो तो साखरेचा उतारा. तालुक्यातील तेलबियांखालचे क्षेत्र किती घटले याची आकडेवारी हाताशी नसतानाही या दोन शब्दांच्या अर्थांतरावरून त्या घटीची दिशा सांगता आली असती. देशाच्या पातळीवर करडईचे क्षेत्र १९९० च्या दशकात सात लाख हेक्टरांच्या घरात होते व २०२० नंतर ते एक लाख हेक्टरांच्याही खाली आले. हे पीक मुख्यतः महाराष्ट्र व कर्नाटक यांचे. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे, आणि ‘भीमा’ हा करडईचा प्रसिद्ध वाण सोलापूरच्याच संशोधनाचे फळ आहे. म्हणजे वाण मिळाला नाही म्हणून पीक गेले असे नव्हे.

कोष्टकाच्या पहिल्याच मोठ्या रकान्यात, म्हणजे ‘उत्पादना’त, या करडईचे काय होते ते पाहू. सोलापूरच्या काळ्या रानात करडई पुष्कळदा एकटी पेरली जात नसे. रब्बी ज्वारीच्या काही तासांमागे करडईचे एकदोन तास, किंवा शेताच्या कडेने तिचा पट्टा, अशी रीत होती. पीक वाढले की त्याचे काटे गुरांना आत येऊ देत नसत. करडई येथे एकाच वेळी कुंपण, भाजी, तेल आणि पेंड होती. गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकांसाठी स्वतंत्र रकाने आहेत, हे खरे. पण कडेच्या दोन तासांचे क्षेत्र गुंठ्यांत किती धरावयाचे हे शेवटी पाहणी करणाऱ्याच्या नजरेवर राहते. ते शून्य धरले तर त्या तासांतून निघालेले दोन मण करडे देशाच्या उत्पादनात येतच नाहीत. अंमळ जास्त धरले तर पीककापणी प्रयोगातून आलेल्या सरासरीने गुणून तेच दोनाचे तीन होतात. ही चूक लहान आहे. पण एका तालुक्यातली लहान चूक सर्व दख्खनभर एकाच दिशेने होत असेल तर ती लहान राहत नाही.

गाळपाच्या रकान्यात उलट प्रकार आढळतो. शेतकरी आपली करडई किंवा शेंगदाणे घाण्यावर नेतो, गाळून घेतो, मजुरी देतो, तेल घरी व पेंड गोठ्यात नेतो. जुन्या काळी तेल्याशी हा व्यवहार पेंडीच्या किंवा धान्याच्या वाट्यावर होई. नंतर विजेचा घाणा व एक्स्पेलर आला. अलीकडे ‘लाकडी घाणा’ ही पाटी पुन्हा रस्त्यारस्त्यावर दिसते. या मालाची बाजार समितीत आवक नाही, पट्टी नाही, कडता नाही, आणि कारखान्याच्या गाळपाच्या पत्रकात त्याची नोंदही नाही. उत्पादनात तो धरला गेला असेल व गाळपात धरला गेला नसेल, तर वजाबाकीच्या नियमाने तो साठ्यात जातो. गेल्या संक्रांतीला खाल्लेल्या भाकरीवरचे तेल या वर्षीच्या अखेरच्या साठ्यात सुरक्षित असते! बियाणे, खाद्य व नासाडी यांसाठी एकच ठोक टक्का धरून ही फट बुजविण्याचा प्रयत्न कोष्टककार करतात. तो टक्का वर्षानुवर्षे तोच राहतो. भुईमुगाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. उत्पादन शेंगांच्या वजनात मांडले जाते. शंभर क्विंटल शेंगांचे साधारण सत्तर क्विंटल दाणे निघतात. साठ्याचा आकडा शेंगांचा की दाण्यांचा, हे बाजारवृत्तात बहुधा सांगितलेले नसते.

‘वार्षिक’ या विशेषणाकडेही वळले पाहिजे. कृषी मंत्रालयाचे पीकवर्ष जुलै ते जून. सोयाबीनच्या व्यापाराचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. खाद्यतेलाचे वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर. देशाने एका वर्षात सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल आयात केले असे जे २०२२-२३ विषयी सांगितले जाते ते या वर्षाच्या मापाने. आणि सरकारी जमाखर्चाचे वर्ष एप्रिल ते मार्च. करडई उत्तरा-हस्ताच्या वाफशावर पेरली जाते व शिमग्याच्या आगेमागे काढली जाते. मार्चअखेरीस ती नुकतीच खळ्यावरून घरात आलेली असते, तेव्हा साठा सर्वांत मोठा. जूनअखेरीस काही विकलेली, काही गाळलेली. ऑक्टोबरअखेरीस नव्या पेरणीचे बी तेवढे उरलेले. एकच पीक, एकच घर, आणि केवळ तारीख बदलल्याने ‘भरपूर साठा’ ते ‘साठा संपुष्टात’ असा प्रवास. पीकवर्ष जेथे संपते ती जूनअखेर नातेपुत्यात बहुधा ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाच्या मागेपुढे येते. खरिपाची चाड्यावर मूठ धरून झाली न झाली असे ते दिवस. त्या दिवशी वर्ष संपले असे तेथील कोणाही शेतकऱ्याला वाटत नाही.

ज्वारीची व गळिताच्या धान्याची ठेव यांतील फरकही कोष्टकाला दिसत नाही. ज्वारी पेवात वर्षानुवर्षे राहते. सोलापूर जिल्ह्याची ती जुनी ख्याती आहे. गळिताचे धान्य मात्र फार काळ ठेवले तर खवट होते. त्यामुळे तेलबिया ठेवणारा मनुष्य धान्य ठेवणाऱ्याप्रमाणे दुष्काळाची तरतूद करीत नसतो. तो एका भावाची, एका हंगामापुरती वाट पाहत असतो. २०२२-२३ अखेरही सोयाबीनचा साठा पुन्हा २४ लाख टनांच्या आसपास दाखविण्यात आला तेव्हा त्यातला किती दाणा दुसऱ्या वर्षात गेलेला, उतारा घटलेला होता, हे त्या संख्येवरून समजण्याचा मार्ग नव्हता.

यावर असा आक्षेप येईल की वजाबाकीने साठा काढण्याची पद्धत सर्व देशांत चालते, आणि तिच्यावाचून ताळेबंद जुळविणे अशक्य आहे. आक्षेप रास्त आहे. पद्धत टाकून द्यावी असे म्हणणे येथे नाही. तिच्या फलिताला दुसऱ्या वस्तूचे नाव देऊ नये एवढेच म्हणणे आहे. वजाबाकीतून येते ती ‘हिशेबी शिल्लक’. गोदामात पोत्यांनी मोजलेला तो ‘मोजला साठा’. २०२४-२५ मध्ये भाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली गेल्यावर महाराष्ट्रात जी ११ लाख टनांहून अधिक सोयाबीनची सरकारी खरेदी झाली ती या वर्गातली, कारण तिचे प्रत्येक पोते काट्यावर चढले होते. आणि शेतकऱ्याच्या घरी आहे ती ‘घरठेव’. शेवटचा शब्द कोणास गावंढळ वाटेल. परंतु त्यात कर्ता व प्रयोजन ही दोन्ही आहेत, जी ‘साठ्या’त लोपली होती. तीन संज्ञा वेगळ्या ठेवल्या म्हणजे पहिलीतून दुसरी व तिसरी वजा जाता काय उरते हेही दिसेल. ते बहुधा ऋण संख्येत येईल किंवा अविश्वसनीय इतके मोठे येईल, आणि दोन्ही प्रसंगी उत्पादनाच्या अंदाजाकडे पुन्हा पाहावे लागेल.

घरठेव मोजणे सोपे नाही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतकरी आपला पेरा स्वतः भ्रमणध्वनीवरून नोंदवितो. कडेच्या दोन तासांचीही नोंद त्याला करता येईल, जर त्याने ती करावयाची ठरविली तर. घरातील पोत्यांसाठी मात्र तेथे रकाना नाही. आणि तो उद्या घातला, तरी ज्याने २०२१-२२ मध्ये ठेवलेल्या मालाची संख्या भाव पाडण्याचे कारण म्हणून वापरलेली पाहिली आहे, तो त्या रकान्यात खरा आकडा भरील काय, हे त्या रकान्याच्या मथळ्यावर कोणता शब्द छापला जातो यावर बरेचसे अवलंबून राहील.